देवदाराचे माहेर

देवदार हा शब्द आपल्याकडच्या व्यापारी घरांना परका नाही. मात्र झाड म्हणून तो क्वचितच कुणाला ठाऊक असतो. नगरच्या बाजारपेठेत काष्ठौषधींच्या दुकानात देवदाराची ढलपी मिळते. बाळंतिणीसाठी देवदार्वादि काढा करावयाचा म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ती मागवून घेत. पिवळसर तपकिरी, किंचित तेलकट, नाकाशी धरताच धुपाची आठवण करून देणारी अशी ती ढलपी असते. दुसरी ओळख याहून रोजची. फळे, काचसामान, यंत्रांचे सुटे भाग ज्या हलक्या फिक्या फळ्यांच्या खोक्यांतून येत, त्यांना आपण सरसकट ‘देवदारी खोकी’ म्हणत आलो. त्यांतील पुष्कळशी चिडाची किंवा तशाच दुसऱ्या स्वस्त लाकडाची असत. नाव तेवढे देवदाराचे. एका दुकानात तोळ्यामाशाने आणि दुसऱ्यात जळणाच्या भावाने, असा हा वृक्ष आपल्या व्यवहारात आला. उभा असलेला मात्र आपण तो पाहिला नव्हता.

अलीकडे ही ओळख वाढली आहे. उन्हाळी सुटीत सिमला-मनालीकडे जाणे आपल्या कुटुंबांत नित्याचे झाले आणि तिकडच्या थंड बागांतील उंच, गर्द, बारमाही हिरव्या सूचिपर्णी वृक्षांची छायाचित्रे घरोघरी आली. छायाचित्रांपाठोपाठ रोपेही येऊ लागली. ‘हे झाड आपल्या दारात लागेल का?’ असे केडगावात गेल्या काही वर्षांत मला अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. परंतु ते तसे का आहे हे समजून घेण्यात अधिक लाभ आहे, कारण त्यातून आपल्या स्वतःच्या अंगणाविषयीही बरेच कळते.

केडगाव हे एकेकाळी नगरच्या वेशीबाहेरचे, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे गाव. नवरात्रात देवीला पायी जाणाऱ्यांची पहाटेपासून रीघ लागते, ती आजही. पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते होती आणि त्यांच्या बांधांवर निंब, बाभूळ, बोर अशी पाण्याची फारशी अपेक्षा न ठेवणारी झाडे होती. आता गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शेतांचे भूखंड झाले, भूखंडांवर बंगले उठले. नेप्तीचा कांदाबाजार जवळ, बाह्यवळण रस्ता जवळ, गोदामाला जागा मुबलक. त्यामुळे कापडबाजार, आडतेबाजार, दाळमंडई या भागांतील जुन्या वाड्यांतून निघालेली कितीतरी व्यापारी कुटुंबे इकडे येऊन स्थिरावली. वाड्यात चौक होता, पण तो फरसबंद. बंगल्याभोवती पहिल्यांदाच दहा-वीस फूट माती स्वतःच्या मालकीची झाली आणि तिच्यात काय लावावे हा प्रश्नही पहिल्यांदाच उभा राहिला. बहुतेक फाटकांशी त्याचे उत्तर एकच दिसते: दोन बाजूंना दोन मोरपंखी आणि कोपऱ्यात एक ‘ख्रिसमस ट्री’. त्यांत आता देवदाराची भर पडू पाहते आहे.

बँकेच्या नोकरीत बदली चुकत नाही. माझ्या वाट्याला नोकरीच्या उत्तरार्धात सिमल्याजवळच्या एका शाखेत तीन वर्षे आली. तिकडे जाताना काल्का स्थानकावर एक गोष्ट नजरेस पडली आणि ती पुढे कायमची उपयोगी ठरली. आपल्याकडे स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. काल्क्याची उंची सुमारे ६५६ मीटर आहे. नगर आणि केडगाव यांचीही उंची साधारण साडेसहाशे मीटरच भरते. म्हणजे सिमल्याची छोटी गाडी जिथून निघते ती पायरी उंचीच्या हिशेबाने आपल्याच अंगणाची आहे. गाडी वर चढते तेव्हा ती जणू केडगावापासून देवदाराच्या देशाकडे चढते.

हा लोहमार्ग १९०३ साली सुरू झाला आणि २००८ साली जागतिक वारसा यादीत गेला. लांबी सुमारे ९६ किलोमीटर, बोगदे शंभराहून अधिक. या अंतरात गाडी १४०० मीटरहून जास्त चढते आणि सिमला स्थानकावर सुमारे २०७५ मीटर उंचीला पोहोचते. दर हजार मीटर चढल्यावर हवेचे तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने प्रवासी पाच-सहा तासांत जवळजवळ नऊ अंश खाली येतो. हा फरक आपल्याला स्वेटर चढवताना कळतो; झाडांना तो आधीच कळलेला असतो. काल्क्याच्या आसपासच्या उतारांवर खैर, आपट्याच्या कुळातली झाडे, निवडुंग अशी आपल्या ओळखीची मंडळी भेटतात. थोडे वर गेले की चीड सुरू होतो. त्याच्या सुया वीतभर लांब, तीन-तीनच्या जुडीत. बुंध्यावर राळ काढण्यासाठी घातलेल्या खाचा, आणि खाली वाळलेल्या सुयांचा निसरडा थर, जो मे-जूनमध्ये एका ठिणगीने पेटतो. अकराशे मीटरहून लांब असा बडोगचा बोगदा ओलांडला, सोलन मागे पडले, तरी चिडाचेच राज्य असते. तारादेवीच्या सुमारास बान आणि बुरांस दिसू लागतात, आणि समरहिलजवळ गाडी वळणे घेत असते तेव्हा दोन्ही बाजूंना देवदार उभा असतो.

चीड आणि देवदार यांत एकदा भेद कळला की पुन्हा घोटाळा होत नाही. देवदाराच्या सुया अडीच ते पाच सेंटिमीटर एवढ्याच, गर्द हिरव्या, काही झाडांवर निळसर झाक असलेल्या, आणि आखूड फुटव्यांवर झुबक्यांनी येतात. फांद्या आडव्या, थरांवर थर रचल्यासारख्या. कोवळ्या झाडाचा शेंडा ताठ नसतो, किंचित झुकलेला असतो. नवख्याला तो आजारी वाटतो, पण तीच त्याची निरोगी ठेवण आहे. पिंपाच्या आकाराचे शंकू फांदीवर सरळ वर तोंड करून बसतात आणि पिकायला सुमारे वर्षभर घेतात. पिकल्यावर ते अखंड गळून पडत नाहीत. झाडावरच त्यांचे खवले सुटतात आणि पंख असलेले बी वाऱ्यावर जाते. चाळीस-पन्नास मीटर उंची गाठणारा हा वृक्ष शतकानुशतके जगतो. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहालयात एका देवदाराचा आडवा छेद ठेवला आहे. त्याची वर्तुळे सातशे वर्षांहून अधिक वय सांगतात. मनालीचे हिडिंबा देवीचे मंदिर १५५३ सालचे. त्याचे लाकूडकाम देवदाराचे आणि भोवतीचे रानही देवदाराचेच. हिमाचल प्रदेशाने त्याला राज्यवृक्ष मानले आहे, यात नवल नाही.

सिमल्यात त्याचे महत्त्व शोभेपुरते नाही. ढल्लीच्या पलीकडे देवदाराचे एक मोठे जंगल इंग्रजांच्या काळापासून पाणलोट क्षेत्र म्हणून राखलेले आहे. शहराला सुरुवातीचा पाणीपुरवठा तिथल्याच झऱ्यांतून झाला. झाडांखालचा कुजलेल्या सुयांचा जाड थर पावसाचे व बर्फाचे पाणी धरून ठेवतो आणि संथपणे सोडतो. पुढे शहर त्या झऱ्यांच्या आवाक्यापलीकडे वाढले, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात सिमल्यातही लोकांना पाण्यासाठी भांडी घेऊन रांगेत उभे राहावे लागले. मुळा धरणाचे पाणी पंपाने चढवून आणणाऱ्या आपल्या शहराला आणि टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या वसाहतींना हे चित्र ओळखीचे वाटावे. जंगल असूनही पाणी अपुरे पडू शकते. जंगल नसताना तर हिशेब मांडण्याचीही गरज नाही.

आमची शाखा ज्या आवारात होती तिथे एक म्हातारे माळी होते. १८८८ साली बांधून झालेल्या व्हाइसरॉयच्या निवासस्थानाच्या बागेत, म्हणजे आजच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेच्या आवारात, त्यांच्या वडिलांनी काम केले होते, असे ते सांगत. रविवारी त्यांच्या मागे हिंडणे हा माझा विरंगुळा होता. देवदार कसा वाढवतात हे मी त्यांच्याकडून पाहिले, आणि त्या पद्धतीत घाईला कुठेच जागा नव्हती. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शंकू तपकिरी होऊ लागले, की खवले सुटण्यापूर्वी ते उतरवावयाचे आणि उन्हात पसरावयाचे. बी हलके, राळेने चिकट. ते फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याच हिवाळ्यात वाफ्यात पेरावयाचे. थंडी खाल्ल्याशिवाय ते नीट उगवत नाही. बर्फ वितळल्यावर कोंब वर येतात ते छत्रीच्या काड्यांसारखे, आठ-दहा पानांचे वर्तुळ घेऊन.

यानंतरचा काळ सर्वांत नाजूक. पाणी जास्त झाले की रोपाची मान जमिनीलगत सडते आणि ते रात्रीत आडवे होते. माळीबाबा वाफ्याला पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून पाहत. ओल लागली तर झारी तशीच परत नेत. कोवळ्या रोपांवर दुपारचे ऊन आणि रात्रीचे दव दोन्ही थेट पडू नयेत म्हणून वर गवताचा मांडव असे. पिशवीत भरावयाच्या मातीत ते जुन्या देवदाराखालची मूठभर माती आवर्जून मिसळत. त्यांना त्याचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण ते बरोबर होते. देवदाराच्या मुळांशी एक प्रकारची बुरशी सख्य करून राहते. तिचे धागे दूरवरून पाणी व स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. ही जोडी नसेल तर रोप हिरवे दिसते, वाढत मात्र नाही.

दोन-अडीच वर्षांचे रोप जागेवर जाई. उतारावर खड्डा घेऊन खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घालावयाचा, मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू द्यावयाचा नाही, आणि रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल लावावयाचे. बुंधा मातीत गाडावयाचा नाही. वर गळलेल्या सुयांचे जाड आच्छादन. शेंड्याला कात्री कधीच नाही, कारण शेंडा तुटला की झाडाचा डौल जातो. फांदी छाटावयाचीच झाली तर हिरव्या भागापुरती. जुन्या तपकिरी लाकडातून बहुतेक सूचिपर्णी झाडांना नवा फुटवा येत नाही. बर्फ साचून कोवळ्या फांद्या मोडू लागल्या की सकाळी काठीने हलकेच झटकावयाचा. ‘साहेब, माझ्या नातवाने हे झाड पाहायचे आहे, मला कसली घाई?’ असे ते एकदा म्हणाले. हे वाक्य त्यांनी उपदेश म्हणून म्हटले नव्हते. मी त्यांना रोप किती दिवसांत मोठे होईल असे विचारले होते, त्याचे ते साधे उत्तर होते.

आता आपल्या केडगावाकडे येऊ. काल्का आणि केडगाव एका उंचीवर आहेत, पण काल्क्यातही देवदार रानात उगवत नाही. हिमालयात तो साधारण दीड हजार ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यात नांदतो. आपल्याकडे तर अक्षांशही बारा अंशांनी दक्षिणेला. नगरची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली असली तरी ती थोड्या रात्रींची पाहुणी. दिवसा ऊन लागलेलेच असते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. यात खरी अडचण दिवसाच्या उन्हापेक्षा उष्ण रात्रीची आहे. झाड दिवसा सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि रात्रंदिवस श्वसनात ते खर्च करते. रात्र जितकी उष्ण तितका खर्च अधिक. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर डोंगरातल्या देवदाराच्या खात्यात रोज थोडी शिल्लक पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याला मुद्दल मोडून खावे लागते. पहिल्या वर्षी हे दिसत नाही. सुया टोकांकडून पिवळ्या पडू लागतात तेव्हा शिल्लक संपत आलेली असते.

दुसरी अडचण मातीची. देवदाराला निचऱ्याची, थोडी आम्लधर्मी, पाचोळ्याने भुसभुशीत झालेली जमीन मानवते. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते. तिच्यात चुनखडीचे खडे असतात. अशा अल्कधर्मी मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात. वर बोअरचे जड पाणी. पाऊस सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसल्याची ही किंमत आहे.

‘मग महाबळेश्वर-पाचगणीला ही झाडे कशी?’ असे कुणी विचारील. तिथे आपण जी उंच, सरळसोट झाडे पाहतो ती बहुतांशी सिल्व्हर ओकची. जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकात पाचगणी वसवताना जी परदेशी झाडे आणली त्यांत सिल्व्हर ओक होता. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि सूचिपर्णी नव्हे. महाबळेश्वरचे स्वतःचे सदाहरित रान जांभूळ, अंजनी, पिसा यांचे. कोकणच्या किनाऱ्यावर सुईसारख्या पानांचा सुरू दिसतो. तोही फुले येणाऱ्या वृक्षांतलाच आहे. महाराष्ट्राच्या जंगलात आपोआप उगवणारा एकही सूचिपर्णी वृक्ष नाही. महाबळेश्वर पावणेचौदाशे मीटर उंच आहे, थंडही आहे. पण बर्फाखाली झाडाला विसावा देणारा हिवाळा तिथे नाही आणि पावसाळ्याचे चार महिने जांभ्याच्या मातीतून पाण्याचे लोट वाहत असतात. थंड हवा हे देवदाराच्या गरजांपैकी एक कलम आहे. सारा ताळेबंद नव्हे.

हे सारे मला एका शेजाऱ्यांच्या निमित्ताने मांडून पाहावे लागले. धान्याचा व्यापार असलेले हे कुटुंब. बंगला केडगावातच, आमच्या गल्लीच्या टोकाला. घरातील तिशीतले चिरंजीव सहलीहून येताना सोलनजवळच्या रोपवाटिकेतून फूटभर उंचीचा देवदार घेऊन आले. त्यांच्या अंगणात त्यांच्या आजोबांनी प्लॉट घेतला त्या वर्षी लावलेला कडुनिंब आहे, पस्तीसेक वर्षांचा. फाल्गुनात त्याची पाने गळतात, पक्षी गाडीवर घाण करतात, म्हणून ठेकेदाराने सुचवले होते की निंब काढावा, अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवून दोन गाड्यांची सोय करावी आणि मधोमध गोल आळे करून देवदार लावावा. आराखडाही तयार होता. ‘काका, तुम्ही तिकडे राहिला आहात, जागा तेवढी बघून सांगा,’ म्हणून मला बोलावणे आले.

मी आधी एक कोरडी गोष्ट सांगितली. नागरी भागात झाड तोडावयाचे तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड आपल्या अंगणात असले तरी लागते. मग माळीबाबांची पद्धत सांगितली. दुपारचे ऊन चुकवावयाचे, मुळे थंड ठेवावयाची, वारा खेळता ठेवावयाचा. चिरंजीवांनी विचारले, ‘मग आपल्या अंगणात अशी जागा कुठली?’ आम्ही दुपारी बारापासून चारपर्यंत अंगणात सावली कशी सरकते ते पाहत बसलो. चारही तास सावलीत राहणारी जागा एकच निघाली: निंबाच्या बुंध्यापासून पूर्वेकडे सात-आठ फुटांवर. सिमेंटचे ठोकळे बसवले आणि निंब काढला, तर त्या अंगणात देवदार एक मे महिनाही काढू शकला नसता.

त्यांच्या आजीबाई ओट्यावर वाळवणाची राखण करीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘या निंबाला मी कधी पाणी घातल्याचे आठवत नाही, आणि त्याने सावली दिली नाही असा एकही उन्हाळा आठवत नाही.’ चिरंजीव काही बोलले नाहीत. आराखडा गुंडाळून आत गेला. गाड्यांसाठी फाटकाजवळची जागा मोकळी केली गेली. फाल्गुनात पाने झाडण्याची कुरकुर घरात अजून चालते, असे ऐकतो.

देवदार कुंडीत लावला. मातीची कुंडी, तिच्याबाहेर दुसरी मोठी कुंडी आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत ओली वाळू, म्हणजे माठातल्या पाण्यासारखी मुळे थंड राहतात. भरणीत काळी माती नाही. जाड वाळू, मुरमाड तांबडी माती आणि कुजलेला पाचोळा समभाग. मुळांभोवतीची मूळची हिमाचली माती धुतली नाही, कारण बुरशी तिच्यातच असते. पाणी शक्यतो गच्चीवरून साठवलेल्या पावसाचे, तेही बोट खुपसून पाहिल्यावर. युरिया नाही. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवावयाची, म्हणजे खालचे छिद्र मोकळे राहते. थंडीच्या रात्री मात्र ती निंबाखालून बाहेर उघड्या आकाशाखाली काढावयाची. नगरच्या थंडीचा जो काही लाभ आहे तो त्याला पुरता मिळू द्यावयाचा. दोन उन्हाळे असे गेले. रोप जिवंत आहे. दोन्ही हिवाळ्यांत मिळून चार बोटे वाढले. आपल्या भाषेत जगणे आणि नांदणे हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सासरी नुसती जगणारी लेक कुणाला आवडत नाही. आता ते घर ते रोप सोलनकडच्या एका परिचितांच्या बागेत परत पाठवण्याचा विचार करीत आहे. तसे झाले तर त्याला माहेर मिळेल.

मग आपल्या अंगणातल्या मोरपंखीचे काय? ती मूळची चीनकडची. पण उष्णता आणि अल्कधर्मी माती दोन्ही सोसते, म्हणून आपल्याकडे टिकली. लहानपणी तिचे पान पुस्तकात ठेवले की विद्या येते असे आपण मानत होतो. तिला पूर्ण ऊन आणि निचरा हवा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तिच्यावर सूक्ष्म लाल कोळी पडतो आणि आतून ती तपकिरी होत जाते. आठवड्यातून दोनदा सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आतपर्यंत मारला तर तो आटोक्यात राहतो. छाटणी वरवरची, हिरव्या भागापुरती. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकली जाते ती अरॉकॅरिया. ती प्रशांत महासागरातील बेटांवरची, डोंगरातली नव्हे. दमट हवा तिला मानवते, म्हणून ती मुंबई-कोकणात खुलते. केडगावात लावावयाची तर घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, भिंतीपासून पुरेशा अंतरावर आणि विजेच्या तारांपासून दूर, कारण ती उंच जाते आणि शेंडा कापला की कायमची विद्रूप होते.

बाकी मातीत लावावयाची झाडे या मातीची असावीत: निंब, करंज, बकुळ, आवळा, सीताफळ. बकुळ तर देवदाराइतकाच बारमाही हिरवा आहे. त्यांना मात्र माळीबाबांची पद्धत जरूर लावावी. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर खड्डा भरावा, बुंधा गाडू नये, वर पाचोळ्याचे जाड आच्छादन असावे, पहिली तीन वर्षे पाणी मोजून द्यावे आणि अंगणातील पालापाचोळा जाळू नये. आपल्याच गावात याचे एक थोर उदाहरण आहे. पंडित जवाहरलाल नेहरू ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. त्याआधी देहरादून आणि अल्मोड्याच्या तुरुंगांत राहिलेला, हिमालयावर प्रेम असणारा हा माणूस. किल्ल्यातली जमीन दगडगोट्यांची आणि जुन्या बांधकामाच्या राडारोड्याची होती. भर उन्हात ती खणून त्यांनी तिथे फुलांचे वाफे तयार केले, हे त्यांनीच तिथे लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभी नोंदवले आहे.

या मे महिन्यात हिमाचलला जाणाऱ्या वाचकांना एकच सुचवावेसे वाटते. काल्क्याहून दिवसाची गाडी घ्यावी आणि खिडकीजवळ बसावे. स्थानकाच्या पाटीवरची उंची वाचावी, आपले घर त्याच पायरीवर आहे हे मुलांना सांगावे, आणि चीड कुठे संपतो, देवदार कुठे सुरू होतो हे त्यांनाच ओळखावयास लावावे. सिमल्यात एखाद्या जुन्या देवदाराखाली पाऊल रोवून पाहावे. पाय किती मऊ थरात रुततो ते कळेल. परतताना रोप आणू नये. झाडाखाली आपोआप सुटून पडलेले शंकूचे दोन खवले खिशात टाकावेत. घरातील काष्ठौषधीच्या डब्यात देवदाराची ढलपी असेल तर त्यांचा वास तिच्या वासाशी ताडून पाहता येईल.